डोंगरी किल्ल्याचं चित्र वाचताना: भाव आणि प्रतीकं शोधण्याचा क्रम

डोंगरी किल्ल्याच्या चित्रावर लिहायला सांगितलं की बहुतेकांच्या कागदावर तीच तीन वाक्यं उतरतात. किल्ला म्हणजे सत्ता, डोंगर म्हणजे स्थैर्य, काळे ढग म्हणजे येऊ घातलेलं संकट. ही वाक्यं चित्राकडे न बघताही लिहिता येतात, आणि तीच त्यांची खरी अडचण आहे. लिहिणाऱ्याची नजर कमी पडलेली नसते, घाई झालेली असते. अर्थ आधी ठरतो आणि मग चित्रात त्याला आधार शोधला जातो. शोधला की तो सापडतोच, कारण किल्ल्याच्या चित्रात दगड, उंची आणि आभाळ असणारच.

खालचा क्रम याच्या उलट जातो. आधी काय दिसतं, मग ते कुठून आणि कशा उजेडात दिसतं, मग भाव, त्यानंतर प्रतीक, आणि इतिहास सगळ्यात शेवटी. एखादा टप्पा पटकन उरकला तरी चालेल, पण क्रम मोडू नका.

## पूर्वतयारी: चित्र आधी नीट हाती घ्या

प्रत तपासा. आपण बहुतेक वेळा मूळ चित्र बघत नसतो, त्याची प्रत बघत असतो. एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवा आणि त्यातली एक शक्यतो ते चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याच्याच संकेतस्थळावरची असू द्या. कडा बघा. डोंगराच्या चित्रांत खालची पट्टी किंवा वरचं आभाळ कापलेलं असण्याची शक्यता फार असते. खालची पट्टी गेली की बघणाऱ्याच्या पायाखालची जमीनच गेली, आणि पुढचा अर्धा विचार चुकला.

आकार लिहून ठेवा, सेंटीमीटरमध्ये. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार बर्नार्डो बेलोत्तो याने रंगवलेलं जर्मनीतल्या कोनिगश्टाइन किल्ल्याचं लंडनमधलं चित्र सुमारे 132 × 236 सेंमी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूररचं इटलीतल्या आर्को गावच्या किल्ल्याचं 1495 मधलं जलरंगचित्र जेमतेम 22 सेंमी लांब-रुंद आहे. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यासमोर उभं राहिल्यावर किल्ल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान वळवावी लागते. दुसरं हातात धरून जवळून निरखायचं आहे. ‘भव्य’ हा शब्द दोन्हींसाठी वापरताना तो कशामुळे भव्य, हे वेगवेगळं सांगावं लागेल.

रंगावर लगेच विश्वास ठेवू नका. जुन्या तैलचित्रांवरचं नैसर्गिक राळेचं वार्निश वर्षानुवर्षं पिवळं, तपकिरी पडत जातं. निळं आभाळ हिरवट होतं, पांढऱ्या भिंती मधाच्या रंगाच्या दिसू लागतात आणि आपण लिहून मोकळे होतो की संध्याकाळचा विषण्ण प्रकाश पसरला आहे. रेम्ब्रांटचं 1642 मधलं समूहचित्र काळवंडलेल्या वार्निशमुळेच ‘नाइट वॉच’ (रात्रीचा पहारा) म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यातला प्रसंग रात्रीचा नाही. काही रंगद्रव्यंही बदलतात. स्माल्ट नावाची काचेपासून केलेली निळी पूड तेलात कालांतराने राखाडी पडते, काही लाल-गुलाबी रंग उजेडाने उडतात. आज करडं दिसणारं आभाळ चित्रकाराने करडं रंगवलं असेलच असं नाही. चित्राची सफाई झाली आहे का, ही माहिती संग्रहालयाच्या नोंदीत मिळाली तर टिपून ठेवा.

नाव आणि माहितीफलक बाजूला ठेवा. वर्ष, माध्यम, आकार एवढंच घ्या. नाव आत्ता वाचू नका. अनेक जुन्या चित्रांची नावं चित्रकाराने दिलेली नसतात. ती नंतर कुणा संग्राहकाने, विक्रेत्याने किंवा अभ्यासकाने दिलेली असतात, आणि त्यांच्या मनातला अर्थ आपल्या डोक्यात आधीच जाऊन बसतो.

> तपासा: चित्राच्या चारही कडा दिसतात का? आकार लिहिला का? रंगाबद्दल शंका असेल तर तसं नोंदवलं का? ‘नाही’ असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 1: विशेषणांशिवाय यादी

कागदाचे तीन भाग करा: खडक, बांधकाम, बाकीचं सगळं. जे दिसतं ते फक्त नामांनी लिहा. कडा, घळ, सुळका, झुडपं. तट, बुरूज, दरवाजा, जंग्या (तटातली मारा करायची भोकं), चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते), छप्पर, निशाण. वाट, माणसं, जनावरं, धूर, पाणी, ढग.

‘अजस्र’, ‘उदास’, ‘गूढ’ हे शब्द इथे वर्ज्य. विशेषण लिहिलं की डोळे बघायचं थांबवतात, कारण काम झाल्यासारखं वाटतं. ‘उदास बुरूज’ लिहिणाऱ्याला विचारा की त्या बुरुजाला किती भोकं होती, तर सांगता येत नाही.

मोजता येईल ते मोजा. बुरूज किती, उघडी दारं किती, जमिनीपासून चित्राच्या उंचीच्या कितव्या भागात तट सुरू होतो. आणि नसलेल्या गोष्टींची एक ओळ जरूर लिहा: वाट नाही, निशाण नाही, एकही माणूस नाही. किल्ल्याच्या चित्रात जे गाळलेलं असतं ते पुढे फार उपयोगी पडतं, कारण किल्ला ही वापरायची वास्तू आहे. तिथे पाणी लागतं, वर जायला वाट लागते, पहारा लागतो. चित्रकाराने यातलं काय दाखवायचं टाळलं हे यादीशिवाय लक्षात येत नाही.

> तपासा: यादी दुसऱ्या कुणाला दिली तर त्याला चित्राचा कच्चा आराखडा काढता येईल का?

## टप्पा 2: बघणारा कुठे उभा आहे ते ठरवा

क्षितिजाची रेषा शोधा. डोंगरात ती झाकलेली असते, म्हणून दुसरी खूण वापरा. बुरुजांचे माथे दिसतात की तळ? तटाच्या वरच्या बाजूची फरसबंदी दिसत असेल तर आपण किल्ल्याच्या वर आहोत. छपराची खालची बाजू, वळचण दिसत असेल तर खाली आहोत.

अकराव्या शतकातला चिनी चित्रकार गुओ शी याने डोंगर बघण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत: पायथ्यापासून माथ्याकडे बघणं, पुढच्या डोंगराआडून मागच्या डोंगरांकडे आत-आत बघणं, आणि जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगरांकडे सपाट नजर टाकणं. त्याच्या परंपरेबाहेरच्या चित्रांनाही ही विभागणी कामाला येते, म्हणून मी ती नेहमी वापरतो.

पायथ्यावरून पाहिलेला किल्ला आपल्या मालकीचा वाटत नाही. आपण तिथे परके, याचक, शेतकरी किंवा चाल करून आलेले असतो. समोरच्या डोंगरावरून पाहिलेला किल्ला बरोबरीचा वाटतो आणि तिथून त्याचा अंदाज घेता येतो. तोफा डागणारा आणि नकाशा काढणारा दोघेही अशाच जागा शोधतात. वरून पाहिलेला किल्ला उघडा पडतो. त्याचं अंगण, विहीर, आतली घरं दिसतात आणि दरारा बराच ओसरतो. म्हणजे एकाच किल्ल्याची तीन चित्रं तीन वेगळे भाव देऊ शकतात. ‘किल्ला म्हणजे सत्ता’ हे वाक्य इथेच अपुरं पडतं.

नंतर आपल्या पायापासून किल्ल्यापर्यंत वाट आहे का ते बघा. मध्ये दरी, नदी किंवा धुकं घालून चित्रकाराने आपल्याला तोडलं असेल, तर ते अंतर त्याला हवं होतं.

> सावधान: प्रत्येक चित्रात बघणाऱ्याची एकच जागा असते असं धरू नका. अकबरनाम्याच्या, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासाच्या चित्रांत, उदाहरणार्थ त्याच्या दरबारातला चित्रकार मिस्किन याच्या रेखाटनातल्या रणथंभोरच्या वेढ्यात, चढावर तोफा ओढणारे बैल एका कोनातून आणि वरचा किल्ला दुसऱ्या कोनातून दिसतो. तिथे ‘क्षितिज कुठे’ हा प्रश्न सोडा आणि ‘नजर कुठून शिरते आणि कुठल्या वळणाने वर चढते’ हा प्रश्न घ्या. यथार्थदर्शन (जवळ-लांबचं अंतर दाखवण्याची रीत) चुकलं आहे असा शेरा मारला तर वाचन तिथेच संपतं.

## टप्पा 3: खडक संपतो कुठे आणि भिंत सुरू कुठे होते

डोंगरी किल्ल्याच्या चित्राचा जीव या जोडात असतो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच जागेकडे होतं. सपाटीवरच्या कोटाच्या चित्रात ही जागाच नसते. म्हणून इथे घाई करू नका.

प्रत मोठी करून तटाच्या तळाशी जा आणि तीन गोष्टी बघा.

*रंग.* भिंत आणि कातळ एकाच रंगाचे आहेत की वेगळ्या? रशियन चित्रकार निकोलस रोरिखच्या हिमालयातल्या चित्रांत कितीतरी ठिकाणी भिंती पर्वताच्याच रंगाच्या आणि पर्वताच्याच उताराच्या आहेत. माणसाने बांधलेलं कुठलं आणि आधीपासूनचं कुठलं, हे शोधावं लागतं. तिथे किल्ला डोंगराचा अवयव झालेला असतो आणि ‘निसर्गावर विजय’ असलं वाक्य साफ खोटं ठरतं.

*कुंचल्याची चाल.* खडक खरखरीत, तुटक फटकाऱ्यांनी आणि भिंत सरळ, गुळगुळीत रेषांनी काढली असेल, तर चित्रकाराने दोघांमध्ये फरक ठेवला आहे. दोन्हींवर एकच हात फिरला असेल तर फरक पुसला आहे. रंग सारखा पण चाल वेगळी, असंही असतं. अशा चित्रात भिंत डोंगराशी जुळवून घेते आहे, पण शिस्त सोडत नाही.

*कड.* जोडाची रेषा ठळक आहे, तुटक आहे की सावलीत बुडवली आहे? ठळक कड म्हणजे खडकाला बैठक करून त्यावर वास्तू ठेवली आहे. बुडवलेली कड म्हणजे वास्तू खडकातून वर आली आहे.

बेलोत्तोच्या कोनिगश्टाइनच्या चित्रांत हा जोड फार बारकाईने रंगवला आहे. तो किल्ला वालुकाश्माच्या पठारावर आहे. उभ्या भेगांचा नैसर्गिक कडा जिथे संपतो तिथून बांधीव तट तसाच सरळ वर चढतो. दोन्ही इतके स्पष्ट आहेत की बांधणारे कुठे थांबले आणि निसर्गाने कुठवर काम करून ठेवलं होतं हे बोटाने दाखवता येतं. या चित्रात गूढपणा शोधणाऱ्यांची निराशा होते. त्यातला दरारा स्पष्टपणातून येतो.

पडझड असेल तर ती *कशी* झाली आहे ते बघा. तटाचे माथे झिजलेले, चर्या गळालेल्या, सांध्यांतून झुडपं आलेली, ही काळाची पडझड. तटाच्या मधल्या-खालच्या भागात मोठं खिंडार आणि त्याखाली दगडांचा ढीग, ही तोफांची किंवा सुरुंगाची पडझड. पहिलीतून विरक्ती, शांतता, विस्मरण असे भाव निघू शकतात. दुसरीतून हार, हिंसा, अपमान. दोन्हींना ‘भग्न वैभव’ म्हणून टाकलं की चित्रातली निम्मी गोष्ट हरवते.

बांधणीचा काळही इथेच टिपा. उंच, सडपातळ मनोरे तोफांपूर्वीच्या लढाईला सोयीचे. बुटके, जाड, ढाळाचे आणि कोनाकोनाने पुढे आलेले बुरूज तोफांच्या काळातले. तोफांच्या युगात बसून चित्रकार उंच सडपातळ मनोरेच रंगवत असेल, आणि मूळ जागी तसे नसतील, तर तो किल्ल्याला मुद्दाम जुनं करतो आहे. असं जुनं करणं हाच भावाचा एक भक्कम पुरावा असतो.

> सावधान: कातळात चेहरे, पंजे, कवट्या दिसू लागतात. ड्यूररच्या आर्कोच्या कड्यात अनेकांना माणसाच्या चेहऱ्याची बाजू दिसते. असं काही दिसलं तर नोंद करा, पण अर्थाची सगळी इमारत त्यावर उभी करू नका. चित्र उलटं धरून किंवा आरशात बघून तो आकार टिकतो का, आणि आजूबाजूच्या रेषा त्याला मदत करतात का, हे आधी पाहा.

## टप्पा 4: उजेड आणि हवा

डोळे किलकिले करून चित्राकडे बघा. तपशील विरघळतात आणि फक्त उजळ व गडद डाग उरतात. सगळ्यात उजळ डाग कुठे आहे? सगळ्यात गडद कुठे? त्या दोन जागा कागदावर चौकोन काढून त्यात खुणेने दाखवा.

आता उजेड कशावर पडला आहे ते लिहा. दारावर पडलेला उजेड बोलावतो. फक्त माथ्यावरच्या बुरुजावर पडलेला उजेड अंतर वाढवतो. किल्ला सावलीत आणि मागचं आभाळ उजळ असेल तर वास्तूचा काळा आकार उरतो, तिचं अंतरंग लपतं. किल्ला उजेडात आणि डोंगर सावलीत असेल तर तो तरंगल्यासारखा होतो.

सूर्य कुठे आहे ते सावल्यांवरून ठरवा. कधीकधी ठरतच नाही. चित्रकार एल ग्रेकोच्या, आता न्यूयॉर्कमध्ये असलेल्या, स्पेनमधल्या टोलेडो शहराच्या चित्रात टेकडीवरच्या इमारती राखाडी-पांढऱ्या चमकतात, आभाळ काळं-निळं फाटलेलं आहे, हिरवळ जवळजवळ पेटलेली आहे, पण या सगळ्यावर पडणारा उजेड नेमका कुठून येतो ते एका जागेवर बोट ठेवून सांगता येत नाही. तिथे वेळ ओळखायचा हट्ट सोडावा. उजेडाला उगम नाही ही नोंदच पुढे भावासाठी वापरायची आहे.

हवेचं घनपण बघा. लांबचे डोंगर निळसर, फिके आणि कमी तपशिलाचे असतील तर ती नेहमीची हवा आहे, त्यात अर्थ शोधायची गरज नाही. लांबचा किल्ला मात्र जवळच्या झाडाइतकाच रेखीव असेल तर थांबा. निसर्गाच्या नियमाविरुद्ध चित्रकाराने त्याला जवळ ओढलं आहे.

> नेहमीची चूक: गडद म्हणजे दुःख, उजळ म्हणजे आनंद. स्वच्छ दुपारच्या उजेडात रंगवलेला रिकामा किल्ला धुक्यातल्या किल्ल्यापेक्षा जास्त भीतिदायक असू शकतो.

> तपासा: आभाळावर हात ठेवून फक्त खालचं चित्र बघा, मग उलट करा. भाव दोन्ही वेळा टिकतो का? फक्त आभाळ दिसतानाच टिकत असेल, तर तो भाव हवामानाचा आहे. किल्ल्याबद्दल तुम्ही अजून काही म्हटलेलं नाही.

## टप्पा 5: वाट, दार आणि भोकं

बोटाने वाट धरून चाला. ती दारापर्यंत पोचते, मध्येच खडकाआड जाते की चौकटीबाहेर निघून जाते? दार उघडं, बंद की दिसतच नाही? डोंगरी किल्ल्यात दार लपवणं ही संरक्षणाची रीत होती. त्यामुळे न दिसणारं दार हे लगेच मनातल्या कोंडीचं प्रतीक ठरत नाही. चित्रकाराने हवा तो कोन निवडला असता तर दार दिसलं असतं का, हा प्रश्न विचारा. दिसू शकलं असतं आणि तरी टाळलं, तर त्याला वजन आहे.

जंगी आणि खिडकी यांत गल्लत करू नका. अरुंद, आत रुंद होत जाणारी जंगी बाहेर मारा करण्यासाठी असते, खिडकी राहण्यासाठी. तटभर जंग्या आणि वर एकच उजळलेली खिडकी असेल, तर त्या चित्रात पहारा आणि घर या दोन्ही गोष्टी एकदम बोलत असतात.

## टप्पा 6: माणसं आणि मोजमाप

माणूस नसेल तर किल्ला किती मोठा हे कळत नाही, म्हणून चित्रकार एखादी ठिपक्याएवढी आकृती ठेवतो. ती बऱ्याचदा फक्त मोजपट्टी असते. ती कुठे बघते आहे यावर सगळं अवलंबून. किल्ल्याकडे पाठ करून गुरं राखणारा माणूस आणि मान वर करून उभा राहिलेला माणूस यांनी चित्राचा भाव पार बदलतो. बेलोत्तोच्या चित्रांत अजस्र तटाखाली माणसं आपापल्या उद्योगात, गुरांसोबत निवांत आहेत. त्यांना किल्ल्याची सवय आहे. त्या सवयीमुळे दगडांतला धाक थोडा पातळ होतो, पण जात नाही.

## टप्पा 7: आता भावाला नाव द्या

इतका वेळ रोखून धरलेली विशेषणं आता लिहा. नेमकी लिहा. भीती, धाक, दरारा आणि दबदबा यांत फरक आहे. धाकात शिक्षेची आठवण असते, दबदब्यात मान असतो. ओसाडपणात माणसं निघून गेलेली असतात, एकाकीपणात कुणीतरी एक उरलेलं असतं. सावधपणा, ताठा, विसावा, तटस्थपणा, वाट बघणं हेही भावच आहेत, आणि किल्ल्यांच्या चित्रांत ते उदासीपेक्षा जास्त वेळा सापडतात.

मग तीन गोष्टी करा.

1. प्रत्येक शब्दाखाली मागच्या टप्प्यांतले किमान दोन पुरावे लिहा, तेही दोन वेगळ्या टप्प्यांतले. एकच पुरावा असेल तर शब्द खोडा.
2. चित्रातला एक विरोधी पुरावा शोधा आणि ‘पण’ घालून वाक्य करा: ‘दरारा आहे, पण खालच्या माणसांना त्याची सवय झालेली आहे.’ चांगल्या चित्राला हा ‘पण’ हमखास लागतो.
3. भाव कुणाचा ते लिहा. किल्ल्याचा, चित्रातल्या माणसाचा की बघणाऱ्याचा? किल्ला शांत आणि बघणारा अस्वस्थ, असं होऊ शकतं. ‘चित्रकार उदास होता’ हे वाक्य मात्र चित्रावरून सिद्ध होत नाही, ते लिहू नका.

## टप्पा 8: प्रतीक आहे की नाही, हे तीन कसोट्यांवर बघा

प्रत्येक वस्तू प्रतीक नसते. निशाण हे बऱ्याचदा नुसतं निशाण असतं. एखाद्या गोष्टीला प्रतीक म्हणण्याआधी पुढच्या तीनपैकी निदान दोन कसोट्या लावून बघा.

पुनरावृत्ती. तोच आकार चित्रात दुसरीकडे उमटतो का? बुरुजाचा आकार खालच्या वठलेल्या झाडात किंवा ढगात परत आला असेल, तर चित्रकार त्यांना जोडतो आहे.

विसंगती. जी गोष्ट तिथे असायला नको ती आहे का? कडक तटावर एक फुललेलं झाड, बंद दारासमोर ताजी वाट, वाऱ्याच्या उलट दिशेला फडकणारं निशाण.

जागा. ती चित्राच्या मोक्याच्या जागी आहे का? सगळ्यात उजळ डागात, वाटेच्या टोकाला, सगळ्या तिरप्या रेषा मिळतात तिथे.

यानंतर अदलाबदल करून बघा. मनातल्या मनात किल्ल्याच्या जागी मठ किंवा साधं गाव ठेवा. तुमचा अर्थ तसाच लागू होत असेल तर तो डोंगराचा किंवा उजेडाचा अर्थ आहे, किल्ल्याचा नव्हे. किल्ल्याचं प्रतीक तटाशी, पहाऱ्याशी, आत-बाहेर या भेदाशी कुठेतरी बांधलेलं असायला हवं.

ठरलेल्या सांकेतिक प्रतीकांची गोष्ट वेगळी. युरोपातल्या ख्रिस्ती चित्रपरंपरेत मनोरा ही संत बार्बराची खूण आहे, आणि बंद दार, कुंपणाआडची बाग, दाविदाचा मनोरा हे सगळं येशूची आई मरिया हिच्या पावित्र्याशी जोडलेलं आहे. तिथे बंद दाराला ‘शत्रुत्व’ म्हटलं तर अर्थ थेट उलटा होतो. म्हणून चित्र धार्मिक असेल, किंवा किल्ला एखाद्या संताच्या मागे पार्श्वभूमीला असेल, तर आपला अर्थ लावण्याआधी त्या परंपरेतले संकेत बघून घ्या.

> सावधान: उलटं फडकणारं निशाण किंवा चुकीची सावली ही कधीकधी खरोखरच चूक असते, किंवा नंतर कुणीतरी केलेली दुरुस्ती असते. एकट्या विसंगतीवर प्रतीक उभारू नका.

## टप्पा 9: संदर्भ आता उघडा

आता नाव वाचा, फलक वाचा, इतिहास वाचा. तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: चित्र कुणी करवून घेतलं, ते काढताना काय चाललं होतं, आणि चित्रकाराने मूळ जागेत काय बदललं.

बेलोत्तोचंच घ्या. सॅक्सनी या जर्मन राज्याचा इलेक्टर (शासक) आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याने 1756 च्या वसंतात त्याला कोनिगश्टाइनची पाच मोठी दृश्यं रंगवायला सांगितली. ऑगस्टअखेरीस प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा सॅक्सनीत घुसला आणि सप्तवार्षिक युद्ध सुरू झालं. चित्रं राजाकडे कधी पोचलीच नाहीत. आज त्यातली दोन बाह्यदृश्यं लंडन आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दालनांत आहेत, आतल्या चौकांची दोन मँचेस्टरला. हा इतिहास आधी वाचला असता तर तटावर युद्धाची छाया दिसली असती. आपल्या यादीत मात्र स्वच्छ उजेड, रेखीव कडा आणि निवांत माणसं आहेत. कामही शांततेत सांगितलेलं होतं, मालकाला आपल्या ठेव्याची दृश्यं हवी होती. तेव्हा युद्ध ही चित्राच्या नशिबाची गोष्ट म्हणून सांगा. ती चित्रातल्या भावात घुसवायची असेल तर आधी चित्रातून पुरावा आणा.

एल ग्रेकोच्या बाबतीत संदर्भ उलट दिशेने मदत करतो. त्याने निवडलेल्या बाजूने टोलेडोचं कॅथीड्रल दिसत नाही. त्याने ते उचलून राजवाडा-किल्ल्याच्या, म्हणजे अल्काझारच्या डावीकडे आणून ठेवलं. धर्माचा मनोरा आणि सत्तेची वास्तू एकाच कड्यावर शेजारी उभ्या राहाव्यात म्हणून त्याने भूगोल मोडला. उगम नसलेला उजेड आपण टिपला होताच. आता हे शहर जसंच्या तसं नोंदवलेलं नाही, रचलेलं आहे, असं ठामपणे म्हणता येतं.

रणथंभोरचा वेढा 1569 चा आणि चित्र सुमारे 1590 ते 1595 मधलं, अकबराच्याच चित्रशाळेतलं. म्हणजे जिंकणाऱ्याच्या घरी, जिंकल्यानंतर वीसेक वर्षांनी काढलेलं. तिथे उंच, अवघड किल्ला हा शत्रूच्या सामर्थ्याचा गौरव वाटला तरी तो वर चढणाऱ्या तोफांचं मोल वाढवायला ठेवला आहे.

> तपासा: संदर्भ वाचल्यावर टप्पा 7 मधला एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदला, पण चित्रातला कुठला पुरावा आता वेगळा दिसू लागला ते शेजारी लिहा. पुरावा नसेल तर जुना शब्द तसाच ठेवा.

## टप्पा 10: लिहिताना

एक काल्पनिक चित्र घेऊ. पायथ्यावरून दिसणारा किल्ला, कातळाच्याच रंगाचा तट, संध्याकाळ, वाट मधल्या धुक्यात हरवलेली, एक उजळलेली खिडकी, माणूस नाही.

घाईचं वाचन असं होतं: ‘हा किल्ला सत्ता आणि एकाकीपणाचं प्रतीक आहे. धुकं अनिश्चित भविष्य दाखवतं. चित्रात उदास भाव आहे.’

क्रमाने केलेलं वाचन असं: ‘आपण खाली, वाटेच्या सुरुवातीला उभे आहोत आणि ती वाट धुक्याने तोडली आहे. तट खडकाच्याच रंगाचा असल्याने उजेड गेल्यावर किल्ला डोंगरात मिसळून जाईल, पण खिडकीतला उजेड अजून त्याला वेगळा ठेवतो. तो चित्रातला सगळ्यात उबदार रंग आहे आणि वाटेची तुटलेली रेषा पुढे ओढली तर तिथेच पोचते. त्यामुळे दुरावा जाणवतो, पण नकार जाणवत नाही. वर कुणीतरी जागं आहे आणि खाली उभ्या असलेल्याला तिथवर जायचं आहे.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘प्रतीक’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी खिडकी प्रतीकाचं काम करते आहे. जागेची कसोटी तिने पार केली आणि विसंगतीचीही, कारण बाकी सगळं थंड आहे.

लिहून झालं की मजकूर एकदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याशेजारी टप्प्याचा आकडा घाला. ज्या वाक्याला आकडा मिळत नाही ते कुठून आलं ते बघा. ‘असं वाटतं’, ‘जणू’, ‘कदाचित’ हे शब्द दोनदांपेक्षा जास्त आले असतील तर त्या जागी पुरावा कमी पडला आहे. परत टप्पा 3 आणि 4 वर जा, बहुतेक वेळा तो तिथेच राहून गेलेला असतो. शेवटी तुमचा मजकूर त्याच किल्ल्याच्या दुसऱ्या चित्रकाराने काढलेल्या चित्राशेजारी ठेवा. तिथेही तो तसाच चपखल बसत असेल, तर तुम्ही किल्ल्यावर लिहिलं आहे, चित्रावर लिहायचं अजून बाकी आहे.